सातातला कितवा?

उत्खननावर गेलेल्या माणसांकडं किस्से कसे साठतात, ते विचारू नका. सीझन संपला की खापरं पोत्यांत भरायची, विभागाच्या मागच्या खोलीत रचायची आणि ‘पुढच्या वर्षी निवांत बघू’ म्हणायचं. पुढच्या वर्षी त्या पोत्यांवर नवी पोती! किश्शांचंही तसंच होतं.

माझ्या निरोप समारंभात पोरं मागं लागली, ‘मॅडम, चाचांचे किस्से सांगा.’ मी पाच-सहा सांगितले. लोक पोट धरून हसले. पण एक पोतं मी कधीच सोडलं नाही. उस्मानचाचांबद्दल माझ्या वहीत एक खोटं वाक्य आहे, माझ्या हातचं. मी उभ्या आयुष्यात विद्यार्थ्यांना ‘वहीत खरं लिहा’ म्हणून दरडावत आले, आणि माझी पहिलीच वही अशी!

आज तेही सांगते. पण एकदम तिथं नाही जाणार. आमच्यात वरून खाली थराथरानं उतरायची पद्धत आहे.

* * *

वैजापूरच्या अलीकडं, नदीकाठी पांढरीचं एक टेकाड होतं. जुनं गाव मोडून मातीला मिळालं की त्या जागेला आपल्याकडं पांढर म्हणतात. तिथं आमच्या पांगरेकर सरांचं उत्खनन. आम्ही नऊ विद्यार्थी, त्यात दोन मुली. मुक्काम गावच्या शाळेत. आणि आम्हाला हातात धरून शिकवणारे उस्मानचाचा.

चाचा कागदोपत्री मजूर. त्यांचे वडील निजामाच्या राजवटीत वेरूळकडं दगडकाम करायचे, हे लहानपणापासून मातीत. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण सर काही अडलं की आधी चाचांकडं बघायचे आणि मग पुस्तकात.

पहिल्या दिवशी सर दीड तास बोलले. मग चाचांनी प्रत्येकाच्या हातात एकेक खापर दिलं आणि म्हणाले, “मोड बघा. जुनी का नवी?”

मोड म्हणजे खापर फुटलं ती जागा. जुनी मोड मळकट असते, कडा बोथट, खाचांत माती घट्ट बसलेली. ताजी मोड स्वच्छ, कोरी. एवढंच. पण एवढंच कोणाला येईल तर शपथ! आमचा वसंत, नांदेडचा, बी.ए.ला पहिला आलेला. त्याच्या खापरावर दोन काळ्या रेघा होत्या. त्यानं त्या रेघांवर, त्या काळच्या कुंभारावर, त्याच्या भट्टीवर असं पाव तास व्याख्यान दिलं. चाचांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“समदं बराबर हाय, बेटा. फक्त ह्ये गाडगं परवाच्या दिशी फुटलंय. पाटलाच्या म्हशीनं फोडलं. मी तिथंच हुतो!”

* * *

गावातल्या लोकांना आमचं काम कळेना. सोजरबाई नावाच्या एक आजी रोज पाटी घेऊन यायच्या आणि बांधावर बसायच्या. सरांना वाटलं, बाईंना इतिहासाची गोडी दिसते. एकदा त्यांनी बाईंना खाली उतरवून सगळं समजावलं. ही चूल, ही भिंत, तीन हजार वर्षांपूर्वी इथं तुमच्यासारखीच बाई स्वयंपाक करत होती वगैरे.

सोजरबाईंनी पदर तोंडाला लावून सगळं ऐकलं. मग विचारलं, “मंग झालं का बगून तुमचं?”

“म्हणजे?”

“बगून झालं आसंल तर माती न्यू का? माळवदावर टाकायची हाय. छत गळतंय लई.”

त्यानंतर रोज दुपारी चाळून झालेल्या मातीची एक पाटी सोजरबाईंना जायला लागली. ती चाचा स्वतः उचलून द्यायचे.

* * *

त्या सीझनला सरांनी मला चार नंबरचा खड्डा दिला. सगळा माझ्या ताब्यात: मोजमाप, नोंदी, वही, हाताखाली सात माणसं. आधी कुठल्याच मुलीला असा खड्डा मिळाला नव्हता. मुलं म्हणायची, “आता खड्ड्यात रांगोळी निघणार!”

माझ्या वडिलांनी एकाच सीझनची परवानगी दिली होती, तीही आईनं अबोला धरला म्हणून. कॅम्पवर त्यांचं पत्र आलं. चार ओळी खुशालीच्या आणि पाचवी: ‘काही चुकलं, कोणी बोललं, तर दुसऱ्या दिवशी घरी ये. ते लोक अजून थांबले आहेत.’ ते लोक म्हणजे मला बघून गेलेले. पत्र मी दप्तरात ठेवलं, पण ती पाचवी ओळ दिवसभर डोक्यात असायची.

चाचांना मी हे सांगितलं. ते सुतळी गुंडाळत होते. म्हणाले, “खड्डा सरळ ठिव, बेटा. बाकीचं सरळ व्हतंय.” आणि वर एक नेम सांगितला, “थापी चालवताना कान उघडा ठिव. आवाज बदलला की हात थांबव. काय हाय ते मागनं बघ. आधी हात थांबव.”

* * *

चाचांची शिकवायची पद्धत न्यारी होती. खड्ड्यात उभे राहून ते विचारायचे, “थराचा रंग काय, बोल बेटा. मोठ्यानं बोल. तुझा आभ्यास व्हईल.”

आम्ही बोलायचो. “पिवळट.” “राखाडी.” “काळपट, मध्ये चुन्याचे ठिपके.” ते मान डोलवायचे, मातीची चिमूट बोटांत चोळायचे आणि थर कुठं बदलला ते नेमकं दाखवायचे. आम्हाला वाटायचं, काय शिक्षक आहे हा माणूस! स्वतः उत्तर देत नाही, आमच्याकडून काढून घेतो!

मग एका सकाळी त्यांनी माझ्या खड्ड्याचा चौरस आखणारी सुतळी खुंटीला बांधायच्या ऐवजी शेजारी रोवलेल्या फावड्याच्या दांड्याला बांधली. एका मजुरानं फावडं उचललं आणि चालू लागला. त्याच्यामागं माझा अख्खा चौरस निघाला! सर वरून ओरडले, “चौरसाला पाच कोपरे कोणी केले?”

सगळे हसले. मी चाचांकडं बघितलं. ते हसत नव्हते. रिकाम्या खुंटीवर हात फिरवत होते.

दुपारी मी आणि वसंतनं त्यांना गाठलं. काचबिंदू होता. दोन वर्षं झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, गेली ती नजर परत येत नाही, आहे ती किती टिकेल सांगता येत नाही.

“साहेबाला बोलू नका,” चाचा म्हणाले. “खड्ड्यात उतरू नाय दिलं तर मी घरी बसून काय करू? मला दुसरं काय येतंय?”

त्या दिवसापासून आम्ही नऊ जण चाचांचे डोळे झालो. जो जवळ असेल तो मोठ्यानं बोलायचा. “अरे वा, इथं जरा लालसर माती लागली की!” “ओळंबा डावीकडं गेला वाटतं!” सर महिनाअखेरीला कौतुकानं म्हणाले, “या वर्षीची मुलं फारच मोठ्यानं विचार करतात!”

* * *

रोज काम संपलं की मी वही लिहायची आणि चाचा म्हणायचे, “वाच. काय लिवलं ते ऐकू दे.”

मी वाचायची. तारीख, थर, खोली, चुलीची मापं, खापरांचे प्रकार. सरांचं नाव, फोटोग्राफरचं नाव, भेटीला येऊन गेलेल्या तहसीलदारांचंही नाव. शेवटी ‘मजूर – सात’.

एकदा त्यांनी विचारलं, “ह्यात मी कुठं हाय?”

“हे काय, चाचा. मजूर सात. त्यात तुम्ही आलात की!”

चाचा मिशीत हसले. “सातातला कितवा?”

मी म्हटलं, “हजेरीच्या मस्टरवर आहे ना तुमचं नाव. तुम्ही अंगठा देता तिथं.”

“मस्टर रद्दीत जातंय, बेटा. वही कपाटात ऱ्हाती.” आणि घमेलं उचलून निघून गेले. मी लेखी कामात हुशार होते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘मजूर – सात’च लिहिलं. नावं लिहायची पद्धत नव्हती. सरांचा नियम असा, की नाव फक्त चुकीच्या नोंदीत घालायचं, जबाबदारी कळावी म्हणून.

* * *

तीन हजार वर्षांपूर्वीची ती माणसं आपलं तान्हं मूल गेलं की त्याला गावाबाहेर नेत नसत. दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवायची आणि राहत्या घराच्या जमिनीखाली पुरायची. त्यावरच पुढं चूल, त्यावरच झोपणं.

दोन नंबरच्या खड्ड्यात असं पहिलं दफन लागलं तेव्हा वसंत आनंदानं ओरडला, “स्पेसिमेन! सर, स्पेसिमेन!”

चाचा आले. वहाणा वरच काढल्या. आत उतरून गळ्यातला रुमाल त्या मडक्यांवर पांघरला आणि म्हणाले, “वरडू नका. लेकरू झोपलंय.”

कोणी हसलं नाही. फोटोची वेळ झाल्यावर रुमाल त्यांनीच काढला.

त्यांची एक मुलगी आठ महिन्यांची असताना गेली होती. तेव्हा ते फर्दापूरच्या पलीकडं कुठंतरी कामावर होते. निरोप पोचेपर्यंत दोन दिवस झाले. मुलीला माती द्यायलाही ते पोचले नाहीत. हे मला त्यांनी त्या दिवशी सांगितलं आणि वर म्हणाले, “ह्ये लोक शहाणे हुते. घरातच ठिवलं. कुणाला लांबनं यायला नको.”

* * *

आता चार नंबरचा खड्डा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर एका पाहुण्यांना घेऊन घराच्या जमिनीचे फोटो काढायला येणार होते. मुलांचे खड्डे तयार होते. माझा हातभर मागं. चाचा अस्रच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजला कडुलिंबाखाली गेले. दहा मिनिटांचं काम. जमिनीजवळ थापीशिवाय काही लावायचं नाही, हे मला झोपेतही पाठ होतं. तरी मी छोटा टिकाव उचलला.

पहिल्या घावाला आवाज बदलला. मी ऐकला. खोटं नाही सांगत, स्पष्ट ऐकला. आणि ऐकूनही दुसरा घातला.

मडक्याचं पोट आत गेलं. आत काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या बरगड्या होत्या. काही मोडल्या.

मी तिथंच बसून रडायला लागले. चाचा परत आले. त्यांना वाटलं, टिकाव माझ्या पायावर बसला. “कुठं लागलं? बेटा, कुठं लागलं?” म्हणत ते माझे पाय चाचपत होते. मग त्यांचा हात मडक्यापर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी मोडीवरून अंगठा फिरवला. गळ्यातला रुमाल काढून पांघरला.

तेवढ्यात सर आले. त्यांनी एक तुकडा उचलून उन्हात धरला. “ताजी मोड आहे. कोणाचा हात?”

मी तोंड उघडलं. दप्तरातलं ते पत्र डोळ्यांपुढं आलं. तेवढाच एक क्षण मी थांबले. पण तेवढा पुरला.

“माझा, साहेब,” चाचा म्हणाले.

“तुमचा? चाचा, तुमच्या हातून?”

“दिसत नाय मला, साहेब. दोन वरसं झाली.”

ज्या गोष्टीसाठी आम्ही नऊ जण महिनाभर नाटक करत होतो, ती चाचांनी एका वाक्यात सांगून टाकली. सरांनी डोक्यावरची हॅट काढून हातात घेतली. सर वाईट माणूस नव्हते, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, “आंधळ्या माणसाला मी खड्ड्यात कसा उतरवू?” चाचा म्हणाले, “नगा उतरवू.” बस.

मग सर माझ्याकडं वळले. “वहीत नोंद करा. जे झालं ते, नावासकट. चूक लपवायची नाही.”

आणि मी लिहिलं: ‘थर चार, तळ. बालदफनाचा कुंभ. खोदताना उस्मान शेख यांच्या हातून फुटला.’ अक्षर अगदी नीट काढलं होतं, मला आठवतं.

चाचा संध्याकाळच्या एस.टी.नं गेले. मी फाट्यापर्यंत पोचवायला गेले. सगळी वाट मी ‘चाचा, मी सरांना सांगते’ म्हणत होते आणि सांगत नव्हते. गाडी आल्यावर ते म्हणाले, “डोळे जायचेच हुते, बेटा. खड्डा तुझा ऱ्हायला पायजे.”

* * *

खड्डा बुजवायच्या आधी तळाला चालू सालचं एक नाणं ठेवायची आमच्याकडं रीत आहे. पुढं कोणी पुन्हा खणलं तर त्याला कळावं, की इथवर आधी कोणीतरी येऊन गेलंय. नाणं ठेवायचा मान चाचांचा. त्या वर्षी सरांनी ते माझ्या हातात दिलं. “तुम्ही ठेवा. या सीझनचा सगळ्यात चांगला खड्डा तुमचा.”

मी ठेवलं. वर माती पडली. मला बघून गेलेले ते लोक थांबून कंटाळले आणि वडिलांनी पुढच्या वर्षीही पाठवलं. मला नोकरी लागली. खड्डा माझाच राहिला. मी दर वर्षी ठरवायची, सरांना सांगायचं. एक दिवस सरही गेले.

* * *

वीसेक वर्षांनी मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन चाचांकडं गेले. शहरात शहागंजच्या मागच्या गल्लीत ते मुलाकडं राहत होते. नजर पूर्ण गेली होती. मुलांना म्हटलं होतं, जुनी मोड-नवी मोड शिकायची तर यांच्याकडून. पण माझ्या पिशवीत चार नंबरच्या खड्ड्याची वही होती. विभागाच्या कपाटातून काढून आणली होती. वहीत खाडाखोड करायची नाही. चुकलेल्या ओळीवर एक रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची, हा सरांचाच नियम. मला ती रेघ चाचांसमोर मारायची होती.

चाचांनी पोरांच्या हातातली खापरं चाचपली. पाव मिनिटात जुनी-नवी वेगळी करून दिली. सुनेनं चहा आणला. चाचा म्हणाले, “बशीत वत, बेटा, नाय तर मी सांडतो,” आणि पोरं हसली.

मग मी सांगितलं. सगळं. टिकाव, पहिला आवाज, दुसरा घाव. पोरांसमोर. पोरं खाली बघत होती. चाचा ऐकत राहिले. मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे. त्यांनी वेगळंच विचारलं.

“वही आणलीस?”

“आणलीय.”

“वाच.”

माझ्याच्यानं वाचवेना. एका विद्यार्थिनीनं वही घेतली आणि वाचलं: “थर चार, तळ. बालदफनाचा कुंभ. खोदताना उस्मान शेख यांच्या हातून फुटला.”

“पुन्यांदा वाच.”

तिनं वाचलं.

“माझं नाव कुठं हाय? बोट ठिव माझं.”

मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. त्यांनी ते सावकाश पुढं सरकवलं, मग मागं आणलं, जशी मोड तपासायचे तसं. मी दुसऱ्या हातानं पेनाचं टोपण काढलं. टक्‌ असा बारीकसा आवाज झाला.

चाचांचा तळवा पानावर सपाट पडला.

“खोडू नको.”

“चाचा, पण ते खोटं आहे...”

“आसू दे. सारी उमर मातीत गेली, बेटा. कपाटातल्या वहीत माझं नाव येवढ्याच जागी हाय.” त्यांनी तळवा उचलला नाही. “आन त्येबी लेकराच्या शेजारी हाय. ऱ्हाऊ दे.”